ससा, कासव आणि पहिली संगणकभाषा

मुलाला किंवा मुलीला कोडिंगच्या वर्गाला घालायचे ठरले, की घरात पहिला प्रश्न निघतो तो भाषेचा. पायथन शिकवतात की जावा? सी प्लस प्लस आधी यायला हवी का? शेजारच्यांचा मुलगा ज्या भाषेवर नोकरीला लागला तीच बरी, असा सल्लाही मिळतो. या साऱ्या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. नोकरीत जी भाषा लागणार, तीच पहिल्या दिवसापासून गिरवावी, म्हणजे वेळ वाया जात नाही.

वरवर हे रास्त वाटते. पण नवशिक्यांना प्रोग्रॅमिंग कसे शिकवावे याचा गेली साठेक वर्षे ज्यांनी अभ्यास केला, त्यांच्यातल्या अनेकांनी नेमके उलटे केले. त्यांनी बाजारात कोणी विचारणार नाही अशा, काहीशा विक्षिप्त भाषा निवडल्या. मनासारखी भाषा मिळाली नाही तेव्हा ती स्वतः तयार केली. कुठे पडद्यावर कासव फिरवले, कुठे गणिती खुणा उलट्या क्रमाने लिहायला लावल्या, तर कुठे अवतरणचिन्हे आणि कंस यांना काही आठवडे वर्गाबाहेर ठेवले.

या खटाटोपामागे एक जुने दुखणे आहे. जेन्स बेनेडसेन आणि मायकेल कॅस्परसन या डेन्मार्कमधील संशोधकांनी २००७ साली निरनिराळ्या देशांतील संस्थांकडून माहिती गोळा केली. प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या अभ्यासक्रमात सरासरी ३३ टक्के विद्यार्थी नापास होत होते. २०१४ साली ब्रिटनमधील ख्रिस्तोफर वॉटसन आणि फ्रेडरिक ली यांनी १५ देशांतील १६१ अभ्यासक्रमांची आकडेवारी तपासली, तेव्हा उत्तीर्णांचे प्रमाण ६७.७ टक्के निघाले. म्हणजे पुन्हा तिघांतला एक बाहेर. २०१९ च्या नव्या पाहणीत नापासांचे प्रमाण २८ टक्क्यांवर आले, तरी तो आकडा काही लहान नाही. यांतली कित्येक मुले ‘हे आपल्याला जमण्यातले नाही’ अशी समजूत करून घेतात आणि त्या वाटेला पुन्हा जात नाहीत. ही समजूत कितपत खरी आणि पहिल्या भाषेने ती कितपत घडवलेली, हा खरा प्रश्न आहे.

पाटीवर आधी ‘ग’ का?

मराठी शाळेत लिहायला शिकवताना पुष्कळ शिक्षक ‘क, ख, ग, घ’ या क्रमाने जात नाहीत. सुरुवात ‘ग म भ न’ ने होते. वर्णमालेत या अक्षरांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण वळण मिळतेजुळते आहे. हात एकदा ‘ग’ला सरावला की ‘म’ आणि ‘भ’ फार दूर राहत नाहीत. जोडाक्षरे तर त्यानंतर कितीतरी महिन्यांनी येतात. पहिलीतल्या मुलाला ‘ज्ञानेश्वर’ लिहून दाखव असे कोणी म्हणत नाही. मोठेपणी ते लिहावेच लागणार, हे माहीत असूनही म्हणत नाही.

व्यावसायिक संगणकभाषा मात्र नवशिक्याकडून पहिल्याच दिवशी जोडाक्षरांची अपेक्षा करतात. जावामध्ये पडद्यावर एक ‘नमस्कार’ उमटवायचा असला, तर परंपरेने ‘पब्लिक’, ‘क्लास’, ‘स्टॅटिक’, ‘व्हॉइड’, ‘मेन’ असे शब्द आणि तीन प्रकारचे कंस लिहावे लागत. हे सारे काय आहे, असे विद्यार्थ्याने विचारले की ठरलेले उत्तर मिळे : ‘आत्ता फक्त लिहा, नंतर कळेल.’ त्यातल्या प्रत्येक शब्दाला अर्थ आहे, पण तो हजारो ओळींचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या अभियंत्यासाठी. नवशिक्यासाठी तो निव्वळ मंत्र असतो. एखादा अर्धविराम सुटला तरी मंत्र फसतो, आणि का फसला ते कळत नाही.

नेदरलँड्समधील संशोधक फेलिन हर्मान्स यांनी २०२० साली ‘हेडी’ नावाची भाषा खुली केली, ती याच विचारातून. मुले लिहायला शिकताना आधी अक्षरे, मग शब्द, मग विरामचिन्हे अशा पायऱ्या चढतात. प्रोग्रॅमिंगमध्ये मात्र सगळे नियम एकदम का लादायचे, असा त्यांचा प्रश्न होता. हेडीच्या पहिल्या पायरीवर छापणे, विचारणे, उत्तर परत म्हणून दाखवणे अशा मोजक्याच आज्ञा आहेत. कंस नाहीत, अवतरणचिन्हेही नाहीत. अवतरणचिन्हे चौथ्या पायरीवर येतात. कंसांची सक्ती त्याहून बरीच उशिरा येते. शेवटच्या पायरीवर पोहोचलेले मूल जे लिहिते, ते पायथनच असते. म्हणजे या भाषेचे व्याकरण विद्यार्थ्याबरोबर वाढत जाते. व्यावसायिक भाषेत असे चालले नसते, शिकण्याच्या भाषेत मात्र तोच तिचा गुण आहे.

कासवाचे तीन कोन

विक्षिप्त भाषांचा मूळपुरुष म्हणजे ‘लोगो’. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे १९६७ साली वॉली फोयरझाइग, सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी ती तयार केली. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले पॅपर्ट गणितज्ञ होते आणि जिनिव्हात ज्याँ पियाजे यांच्याबरोबर त्यांनी काम केले होते. मूल स्वतः काहीतरी घडवताना ज्ञान रचते, ही पियाजे यांच्याकडून घेतलेली जाण त्यांनी संगणकापर्यंत नेली. लोगोच्या जोडीला पुढे कासव आले. आधी ते जमिनीवर फिरणारे यंत्र होते, मागाहून पडद्यावरचे चिन्ह झाले. ‘पुढे १००’, ‘उजवीकडे ९०’ अशा आज्ञा दिल्या की ते चालते आणि मागे रेघ सोडते.

संगणकाची किंमत तेव्हा लाखांत होती. त्या काळात मुलांच्या हाती असे खेळणे देणे अनेकांना उधळपट्टी वाटली असणार. पण कासवाची गंमत त्याच्या चुकीत होती. मुलाला समभुज त्रिकोण काढायचा असतो. त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, हे त्याने भूमितीत पाठ केलेले असते. म्हणून ते लिहिते : तीन वेळा पुढे १००, उजवीकडे ६०. कासव चालू लागते आणि त्रिकोणाऐवजी अर्धा षटकोन काढून थांबते. आता काय करायचे? पॅपर्ट यांचा सल्ला असे की उठा आणि स्वतः कासव व्हा. मूल फरशीवर चालून पाहते, तेव्हा लक्षात येते की टोकाशी आल्यावर वळायचे आहे ते आतल्या ६० अंशांनी नव्हे, बाहेरच्या १२० अंशांनी. तीन वळणांत पूर्ण ३६० अंशांची गिरकी झाली पाहिजे.

या एका चुकीतून मूल दोन गोष्टी शिकते. एक भूमितीची. दुसरी संगणकाची, आणि ती जास्त महत्त्वाची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉय पी यांनी १९८६ साली नवशिक्यांच्या गोंधळांची छाननी केली. कोणतीही भाषा असो, बहुतेक गोंधळांच्या मुळाशी एकच समजूत त्यांना आढळली : यंत्राच्या आत कुठेतरी एक मन दडलेले आहे आणि आपल्याला काय म्हणायचे आहे ते त्याला कळते. माणसांशी बोलून घडलेल्या मुलाला असे वाटणे स्वाभाविक आहे. आई ‘ते जरा दे’ म्हणते आणि ‘ते’ म्हणजे काय हे मुलाला समजते. संगणकाला समजत नाही. पडद्यावरचे कासव ही गोष्ट न रागावता, डोळ्यांसमोर सिद्ध करून दाखवते. सांगितले तेवढेच ते करते, आणि काय केले ते रेघेत दिसते.

मेंदूत किती मावते?

भाषा साधी ठेवण्याच्या आग्रहाला मेंदूविज्ञानाचाही आधार आहे. माणसाची कार्यस्मृती, म्हणजे विचार करताना हाताशी धरून ठेवायच्या गोष्टींची जागा, फार तोकडी असते. नेल्सन कोवान यांच्या २००१ मधील मांडणीनुसार एका वेळी जेमतेम चार सुटे घटक तिथे टिकतात. ऑस्ट्रेलियातील जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकात यावरूनच ‘आकलनभारा’चा सिद्धान्त मांडला. मूळ विषयाचा भार टाळता येत नाही, पण मांडणीमुळे पडणारा फुकटचा भार टाळता येतो. अर्धविराम कुठे द्यायचा, कंस कुठला उघडा राहिला, मोठ्या लिपीतले अक्षर कुठे हवे, या चिंतांनीच चारही खण भरले, तर ‘हे काम चार वेळा करायचे आहे’ हा मूळ विचार ठेवायला जागा उरत नाही. सरावलेल्या माणसाचे तसे होत नाही. त्याच्यासाठी संपूर्ण ओळ हा एकच घटक झालेला असतो. म्हणूनच तज्ज्ञाला जी भाषा सोपी वाटते, ती नवशिक्याला सोपी असेलच असे नाही.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटीमधील आना इव्हानोव्हा, एव्हेलिना फेडोरेंको आणि सहकाऱ्यांनी २०२० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रोग्रॅमिंग येणाऱ्या लोकांना मेंदूचे चित्रण करणाऱ्या एमआरआय यंत्रात ठेवून कोड वाचायला दिला. काहींना पायथनचा, काहींना लहान मुलांच्या ‘स्क्रॅच ज्युनियर’चा चित्रमय कोड. दोन्ही वेळा मुख्यतः जागा झाला तो कठीण कामे, कोडी, आकडेमोड यांच्या वेळी राबणारा मेंदूचा सर्वसाधारण जाळा. भाषेच्या केंद्रांचा प्रतिसाद क्षीण होता. म्हणजे कोड वाचणे हे कादंबरी वाचण्यासारखे नाही.

त्याच वर्षी वॉशिंग्टन विद्यापीठातील शँटेल प्रॅट यांच्या गटाने दुसरी बाजू दाखवली. त्यांनी ३६ प्रौढांना पायथनचे धडे दिले आणि कोण किती वेगाने शिकते ते पाहिले. शिकण्याच्या वेगातील फरकांपैकी सुमारे १७ टक्के फरक नवी बोलभाषा शिकण्याच्या उपजत क्षमतेने उलगडला. आकडेमोडीच्या कौशल्याने उलगडला तो केवळ २ टक्के. प्रयोग छोटा आहे, त्यावर इमारत उभारू नये. पण ‘गणित कच्चे, म्हणजे कोडिंग जमणार नाही’ हा जो शेरा आपल्याकडे सहज मारला जातो, त्यावर थांबून विचार करायला तो पुरेसा आहे.

‘फॉर’ की ‘रिपीट’?

अमेरिकेतील अँड्रियास स्टेफिक यांनी तर भाषांची सरळ परीक्षाच घेतली. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोग्रॅमिंग मुळीच न येणाऱ्या लोकांना निरनिराळ्या भाषांतले छोटे नमुने दाखवले आणि तशाच ओळी लिहायला सांगितल्या. तुलनेसाठी आणखी एक भाषा होती. तिचे शब्द आणि चिन्हे यदृच्छेने, जणू चिठ्ठ्या टाकून निवडली होती. २०१३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अनेक प्राध्यापकांना झोंबणारा होता. पर्ल आणि जावा या प्रतिष्ठित भाषांत नवशिक्यांनी जितके अचूक लिहिले, ते त्या चिठ्ठ्यांच्या भाषेपेक्षा लक्षणीय सरस नव्हते. पायथन, रुबी आणि स्टेफिक यांचीच ‘क्वोरम’ या भाषा मात्र सरस ठरल्या.

याच मालिकेत त्यांनी शब्दांचीही चाचणी घेतली. एखादे काम पुन्हा पुन्हा करण्यासाठी बहुतेक व्यावसायिक भाषांत ‘फॉर’ हा शब्द आहे. नवशिक्यांना तो या अर्थाचा वाटत नाही. त्यांना ‘रिपीट’ हा शब्द सहज कळतो. यात आश्चर्य ते काय, असे कोणी म्हणेल. पण लोगोवाल्यांना जे उमगले होते, ते पुढची कित्येक दशके विद्यापीठांच्या वर्गात पोहोचले नव्हते.

क्वोरमची जन्मकथा वेगळी आहे. ती सुरुवातीला डोळ्यांनी न दिसणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी घडवली गेली. अशा विद्यार्थ्यांना पडद्यावरचा मजकूर संगणक मोठ्याने वाचून दाखवतो. सी प्लस प्लसमधली चार फेऱ्यांची ओळ तो अशी वाचेल : ‘फॉर, डावा कंस, इंट आय बरोबर शून्य, अर्धविराम, आय लहान चार, अर्धविराम, आय अधिक अधिक, उजवा कंस, डावा महिरपी कंस...’ कानावर अवलंबून असलेल्या मुलीने यातले काय लक्षात ठेवायचे? क्वोरममध्ये तिला ऐकू येते : ‘रिपीट ४ टाइम्स’. अडचणीत असलेल्या विद्यार्थ्यासाठी केलेली सोय इतर सर्वांनाही उपयोगी पडली, हा या संशोधनाचा धडा वर्गाबाहेरही लक्षात ठेवण्याजोगा आहे.

शब्द कोणत्या बोलभाषेतले, यालाही महत्त्व आहे. सायमिंदू दासगुप्ता आणि बेंजामिन माको हिल यांनी २०१७ साली पाच देशांतील ‘स्क्रॅच’ वापरणाऱ्या मुलांच्या नोंदी तपासल्या. आपल्या भाषेतल्या आज्ञा वापरणारी मुले इंग्रजी आज्ञा वापरणाऱ्या त्याच देशातल्या मुलांपेक्षा नव्या संकल्पना लवकर हाताळू लागली होती. मराठी माध्यमातल्या मुलावर इंग्रजी आणि प्रोग्रॅमिंग असे दोन भार एकदम पडतात, ते हलके करण्याची ही एक दिशा आहे. पायथनसारख्या भाषेतही माहिती साठवायच्या चलांना ‘वय’, ‘गुण’, ‘बेरीज’ अशी देवनागरी नावे देता येतात. आज्ञा इंग्रजी राहिल्या तरी निदान कुठले नाव आपण दिले आणि कुठला शब्द भाषेचा, हे मुलाला चटकन वेगळे ओळखता येते.

पवईतले ‘रिपीट’

विक्षिप्त भाषा घ्यावी, तर पुढच्या वर्गात लागणारी भाषा राहून जाते. ती घ्यावी, तर पहिले महिने रुक्ष जातात. या पेचातून मुंबईत एक देखणी वाट निघाली. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक अभिराम रानडे यांनी सी प्लस प्लस शिकवण्यासाठी ‘सिम्पलसीपीपी’ नावाची जोडणी तयार केली. मूळ भाषा तीच ठेवली, तिच्यावर नवशिक्यांसाठी थोडा मुलामा चढवला. यात ‘रिपीट’ नावाची आज्ञा आहे, जी मूळ सी प्लस प्लसमध्ये नाही. आणि यात कासव आहे.

त्यामुळे विद्यार्थ्याचा पहिला प्रोग्रॅम ‘नमस्कार’ छापत नाही, चौकोन काढतो. ‘रिपीट’, कंसात ४, आणि आत दोन आज्ञा : पुढे १००, उजवीकडे ९०. चारच्या जागी ३६ घातले आणि कोन दहाचा केला, की जवळजवळ वर्तुळ होते. ‘रिपीट’च्या आत दुसरे ‘रिपीट’ घातले की नक्षी उमटू लागते. फेरीच्या आत फेरी ही संकल्पना एरवी कित्येक आठवड्यांनी येते आणि तेव्हाही मुलांना घाम फोडते. इथे ती पहिल्याच आठवड्यात, चित्राच्या रूपाने भेटते. ‘फॉर’ आणि ‘व्हाइल’ मागाहून येतात, तोवर ते कशासाठी आहेत हे विद्यार्थ्याला ठाऊक झालेले असते. रानडे यांचे याच पद्धतीचे पाठ्यपुस्तक २०१४ साली प्रसिद्ध झाले.

‘रिपीट’ येणाऱ्याला नोकरी मिळेल का? नाही. पण पांगुळगाडा ढकलता येणाऱ्यालाही कोणी धावण्याच्या शर्यतीत घेत नाही. पांगुळगाड्याचे काम पाय स्थिर करण्याचे. ते झाले की तो माळ्यावर जातो.

चुकीचा अर्थ कोण सांगणार?

शिकण्याची भाषा लहान असण्याचा आणखी एक लाभ सहसा लक्षात येत नाही. सी भाषेत ‘जर क्ष पाच असेल तर’ असे लिहिताना दोन बरोबर चिन्हे लागतात. नवशिका गणिताच्या सवयीने एकच लिहितो. ते वाक्य त्या भाषेत वैधच असते, फक्त अर्थ बदलतो : ‘क्षमध्ये पाच ठेव’. अट नेहमीच खरी ठरते, प्रोग्रॅम चुकीचे उत्तर देतो आणि विद्यार्थी रात्रभर भलतीकडेच शोधत राहतो. ‘क्ष = क्ष + १’ ही ओळ पाहून बीजगणित मन लावून शिकलेले मूल गोंधळते, तेही याच कारणाने. क्ष हा स्वतःपेक्षा एकने मोठा कसा असेल? प्रश्न हुशारीचा आहे. स्क्रॅचमध्ये हीच गोष्ट ‘क्षची किंमत १ ने बदल’ अशा अर्थाच्या ठोकळ्याने सांगतात, म्हणून तिथे हा प्रश्न उद्भवत नाही.

अमेरिकेत मथायस फेलायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ पासून या दिशेने काम केले. त्यांनी निवडलेली ‘स्कीम’ ही भाषा दिसायला विचित्र आहे. ‘दोन अधिक तीन’ तिथे ‘अधिक दोन तीन’ असे लिहितात आणि सगळीकडे कंसच कंस. पण या विचित्रपणाचा एक फायदा असा की घरी संगणक असलेला, आधीच थोडेफार शिकून आलेला मुलगा आणि पहिल्यांदाच कळफलकाला हात लावणारी मुलगी, दोघेही एकाच रेषेवर उभे राहतात. या गटाने त्या भाषेचेही तुकडे केले : प्राथमिक विद्यार्थ्याची भाषा, मध्यम, प्रगत. प्राथमिक पायरीवर जे शिकवलेलेच नाही, ते चुकून लिहिले तर संगणक थांबतो आणि विद्यार्थ्याला माहीत असलेल्या शब्दांतच चूक सांगतो. नवशिक्याची चूक योगायोगाने पुढच्या इयत्तेतले वैध वाक्य ठरून निसटत नाही.

मोह आणि मर्यादा

या भाषांची भलामण करताना त्यांच्या वतीने झालेले मोठे दावेही तपासायला हवेत. १९८० च्या दशकात लोगोबद्दल असे सांगितले जाई की ती शिकलेली मुले एकूणच विचार चांगला करू लागतील. रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी न्यूयॉर्कमध्ये हे तपासले. लोगो शिकलेल्या मुलांचे नियोजनकौशल्य इतर मुलांपेक्षा सरस आढळले नाही. कासव हाती दिले आणि मुलांना मोकळे सोडले, एवढ्याने जादू होत नव्हती. १९८८ साली डेव्हिड क्लार आणि शॅरन कार्व्हर यांनी मात्र चूक शोधण्याची पद्धत लोगोतून मुद्दाम, पायऱ्यापायऱ्यांनी शिकवली. त्या मुलांना नकाशावरच्या सूचना किंवा मांडणीच्या सूचना यांतल्या चुका शोधणेही अधिक चांगले जमू लागले. फरक पडला तो शिकवण्याने.

दुसरी मर्यादा टिकाऊपणाची. डेव्हिड वाइनट्रॉप आणि युरी विलेन्स्की यांनी शाळकरी मुलांच्या दोन वर्गांची तुलना केली. एक वर्ग ठोकळ्यांनी शिकला, दुसरा टंकलिखित कोडने. पाच आठवड्यांनी ठोकळ्यांचा वर्ग पुढे होता आणि त्यांची विषयातली गोडीही वाढली होती. मग दोन्ही वर्ग जावाकडे वळले. दहा आठवड्यांनंतर दोघांत फरक उरला नाही. काही मुलांना ठोकळे ‘खरे प्रोग्रॅमिंग’ वाटत नाहीत, हेही त्यांच्या अभ्यासात पुढे आले. पंधरा वर्षांच्या मुलाला बाळबोध वाटणारे साधन दिले, तर ते सोपे असूनही नकोसे होते.

आणि ज्या पाहणीत उत्तीर्णांचे प्रमाण ६७.७ टक्के निघाले, तिनेच आणखी एक गोष्ट नोंदवली होती : अभ्यासक्रमात कोणती भाषा आहे, यावरून उत्तीर्णांच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडत नाही. जावाच्या जागी पायथन आणली आणि बाकी सारे तसेच ठेवले, तर निकाल बदलेलच असे नाही. म्हणजे भाषेच्या नावाला जे वजन आपण देतो, ते तिला पेलत नाही. वजन आहे ते वेगळ्या गोष्टींना. पहिल्या तासाला विद्यार्थ्यासमोर किती नियम येतात, त्याने लिहिलेल्याचा परिणाम त्याला डोळ्यांनी दिसतो का, चूक झाली तर ती समजेल अशा शब्दांत कळते का, आणि बाजूला कोणी शिकवणारे आहे का.

निवड करताना

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावीपासूनच्या टप्प्यात कोडिंगचा उल्लेख आहे. त्यामुळे हा प्रश्न आता अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचा राहिलेला नाही, तो जिल्हा परिषदेच्या शाळेतही पोहोचणार आहे. तिथे आणि घरीही निवड करताना वयाकडे पाहणे बरे. प्राथमिक वयाच्या मुलाला एमआयटीमध्ये २००७ साली खुले झालेले ‘स्क्रॅच’ पुरेसे आहे, आणि ते मोफत आहे. माध्यमिक शाळेतल्या मुलाला टंकलिखित कोडची ओढ असते. त्याच्यासाठी पायथनमध्येच कासव बसवलेले आहे, ते वेगळे विकत घ्यावे लागत नाही. ज्या महाविद्यालयात सी प्लस प्लस सक्तीची आहे, तिथल्या शिक्षकांसमोर पवईचे उदाहरण आहे.

वर्ग निवडताना पालकांनी ‘कोणती भाषा?’ या प्रश्नाच्या जोडीला आणखी दोन प्रश्न विचारावेत. पहिल्या दिवशी मूल स्वतः काय करून बघणार? आणि त्याचा प्रोग्रॅम चुकला, तर वर्गात काय होते? पहिल्याचे उत्तर ‘फळ्यावरचे उतरवून घेणार’ आणि दुसऱ्याचे ‘सर दुरुस्त करून देतात’ असे असेल, तर भाषा बाजारात कितीही चलती असली तरी त्या वर्गाची फी भरण्याआधी विचार करावा. आणि एखाद्या वर्गात पहिल्या दिवशी मुले उठून फरशीवर १२० अंशांत वळून पाहत असतील, तर ‘हे काय खेळ चाललेत’ असे वाटून दारातून परत फिरू नये.